ओहोटीच्या वेण्या

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, बोरभाट नावाचं आमचं गाव आहे. निम्मं गाव फुलबागांचं, निम्मं मासळीचं, आणि जवळजवळ सगळं येशूला मानणारं. या गावच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, कुणाला नाक मुरडायचं असेल त्याने मुरडावं) गास्पार नावाचे धर्मगुरू एकवीस वर्षं राहिले. गावात हिंदू भंडाऱ्यांची चार घरं होती, ती माणसं त्यांना ‘गास्पारमहाराज’ म्हणत. ऐकून ऐकून आम्हीही महाराजच म्हणू लागलो. त्यांच्या संतपदाचा कागद रोमहून अजून आलेला नाही. यायचा तेव्हा येवो. बोरभाटने तो निकाल केव्हाच देऊन टाकला आहे.

महाराज अंगाने काटकुळे, दोन वेळा पेज पिणारे आणि बोलायला फार कंजूष. बोलले तरी असं काहीतरी बोलत की ऐकणारा गोंधळून घरी जाई आणि आठ-पंधरा दिवसांनी अर्थ लागला की कपाळावर हात मारून घेई. ही जी हकीकत सांगतो आहे, तिच्यात तर महाराजांच्या बोलण्याने अख्खं गाव हादरलं होतं. माझे वडील तेव्हा देवळाच्या माडीवर गायनमंडळात पेटी वाजवत. जे घडलं ते त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. म्हातारपणीसुद्धा सांगताना ते मधेच थांबायचे आणि दंडावर उभा राहिलेला काटा आम्हाला दाखवायचे.

नाताळच्या आधीचे चार आठवडे म्हणजे आमचा आगमनकाळ. देव यायचा असतो, त्याची वाट पाहायची असते. वेदीवर जांभळं कापड चढतं आणि नाताळ उजाडेपर्यंत तिथे फूल म्हणून ठेवत नाहीत. शेवटच्या नऊ दिवसांत रोज संध्याकाळी पाच वाजता नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना होते. गाव मात्र तयारी करतं ती वेगळीच. भिंतींना चुना, करंज्यांचं सारण, कुणाचा येशूजन्माचा गोठा मोठा आणि कुणाच्या गोठ्यात खरं पाणी वाहतं याची चढाओढ. महाराज हे सगळं बघत आणि एवढंच म्हणत, “घरं रंगवून झाली की सांगा. मग तयारीला लागू.”

त्या वर्षी गायनमंडळाची सूत्रं लुद्रिक मेस्तरांकडे आली होती. देवळातल्या गाण्याच्या प्रमुखाला आम्ही मेस्तर म्हणतो. लुद्रिक मेस्तर तीन वर्षं सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, राहून आलेले. लॅटिन त्यांच्या जिभेवर, फिडल म्हणजे व्हायोलिन त्यांच्या बोटांत, आणि या दोन्हीची घमेंड त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याची चूक सापडली की त्यांना जेवण गोड लागायचं. नोव्हेनात त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच लॅटिनमधली एक जुनी आळवणी बसवली. तिची सुरुवात ‘वेनी’ या शब्दाने होई आणि दर ओळीला तो शब्द पुन्हा येई. मेस्तर तो असा ताणत की माना वर करून बघणाऱ्या खालच्या बायकांचे डोक्यावरचे पदर सरकत.

खाली, अगदी शेवटच्या बाकावर, रेजीबाय बसलेली असे. नवरा दहा वर्षांपूर्वी वारलेला, पदरात एकुलता एक मुलगा पेद्रू. अबोलीचे दोन वाफे आणि मरव्याचा एक, एवढ्यावर दोघांचं चाले. सकाळी फुलं खुडायची, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात वेण्या गुंफायच्या आणि बाजाराला जायचं. अक्षरओळख नाही. लॅटिन तर सोडाच, देवळातल्या मराठी प्रार्थनाही ती आपल्या मनाने थोड्या इकडच्या तिकडे करून म्हणे.

नोव्हेनाच्या पहिल्या संध्याकाळी रेजीबायने कान देऊन ऐकलं. ‘वेनी, वेनी’. घरी जाताना तिने शेजारणीचा हात धरला आणि डोळे पुसत सांगितलं की इतकी वर्षं मी वेण्या गुंफते, पण देवाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आज मागितलं.

शेजारणीला काही उलगडा झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून परतताना रेजीबाय देवळात शिरली, तेव्हा झाला. तिने पदराआडून एक वेणी काढली. भरगच्च केशरी अबोली, मधे मरव्याची हिरवी पेरणी. बाजारात विकायच्या वेण्यांपेक्षा दुप्पट जाड. ती वेदीपुढच्या कठड्यावर ठेवून रेजीबाय गुडघ्यांवर बसली.

तीन वाजता मेस्तर तालमीला आले. जांभळ्या कापडापुढे केशरी वेणी बघून त्यांचा पारा चढला. पण कुणी ठेवली आणि का ठेवली हे शेजारणीकडून कळलं, तेव्हा पारा उतरला आणि त्यांना हसू फुटलं. असलं हसू की बाकावर बसावं लागलं. लॅटिनमधला ‘वेनी’ म्हणजे ‘ये’. देवा ये, लवकर ये, असं आम्ही देवाला म्हणत होतो, आणि रेजीबायला वाटलं देवच केसांत माळायला वेणी मागतो आहे! मेस्तरांनी ही गोष्ट गायनमंडळाला सांगितली, गायनमंडळाने घरोघर नेली. मग मेस्तर माडीवर चढले, मागची खाडीकडची खिडकी उघडली आणि वेणी खाली पाण्यात भिरकावली. भरती चढत होती. वेणी तरंगत परत आली आणि देवळामागच्या चिखलात रुतून बसली.

संध्याकाळी ‘वेनी’ शब्द आला की बाकाबाकांतून खुसखुस व्हायची. रेजीबायला वाटलं लोक आनंदात आहेत, नाताळ जवळ आलाय म्हणून. तीही त्यांच्याकडे बघून हसली. माझे वडील म्हणायचे की तिचं ते हसणं बघून माझ्या हातून पेटीचा सूर चुकला.

हसणं पेद्रूपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मच्छीबाजाराच्या कट्ट्यावर कुणीतरी त्याला विचारलं, काय रे, तुमचा देव अंबाडा घालतो की शेपटा? सव्वीस वर्षांचा तगडा मुलगा, तणतणत घरी आला आणि आईवर बरसला. आये, वेनी म्हणजे ये, अख्खं गाव आपल्याला हसतंय, उद्यापासून वेणी नेलीस तर मी या घरात राहणार नाही. रेजीबाय ऐकत राहिली. तिला धक्का बसला होता तो हसण्याचा नव्हे. देवाने आपल्याकडे काही मागितलंच नव्हतं, याचा.

अठरा तारखेच्या सकाळी पेद्रू उठला तर आई अंगणात बसून अबोली गुंफत होती. तो तसाच निघाला. खांद्यावर सदरा टाकून बंदरावर गेला आणि हिलार तांडेलाच्या होडीवर चढला. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. नाताळच्या मासळीसाठी खोल समुद्रात जायला चार जण लागत होते, त्यात एक गडी कमी पडत होता. आईचा निरोप न घेता गेलेला मुलगा, रेजीबायला हे समजलं तेव्हा शीड क्षितिजाआड गेलं होतं.

तरी दुपारी तिने वेणी ठेवली. मेस्तरांनी ती फेकली. एकोणिसाला पुन्हा ठेवली, पुन्हा फेकली. चिखलात तीन वेण्या झाल्या.

एकोणिसाच्या संध्याकाळी वारा सुटला. डिसेंबरात असला वारा आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही बघितला नव्हता. माड कमरेत वाकले, देवळावरची कौलं उडाली. विसाच्या सकाळी एकेक होडी कशीबशी बंदराला लागली. हिलार तांडेलाची होडी आली नाही. शेवटी आलेल्यांनी सांगितलं की आम्ही तिची डोलकाठी मोडताना पाहिली, नंतर पावसाच्या झडीत काही दिसलं नाही.

गाव देवळाच्या अंगणात जमलं. हिलारची बायको, बाकी दोघांच्या घरची माणसं, सगळी रडत होती. तीन वाजायला आले तशी रेजीबाय आली. पायात वहाण नाही, केस विस्कटलेले, हातात वेणी. माणसं बाजूला झाली. तिने आत जाऊन कठड्यावर ती ठेवली आणि बाहेर येऊन महाराजांपुढे उभी राहिली.

“महाराज, लॅटिनात ‘ये’ म्हणायला मला येत नाही,” ती म्हणाली. “मी हाताने म्हणते. आतापर्यंत देवाला म्हणत होते. आज गुंफताना पेद्रूलाही म्हटलं. एकाच वेणीत दोघांना बोलावलं तर चालतं ना?”

महाराजांचे डोळे भरून आले. त्यांनी होकाराची मान हलवली.

नेमके त्याच वेळी लुद्रिक मेस्तर आतून बाहेर आले. त्यांच्या हातात ती वेणी होती. बाहेर काय बोलणं झालं ते त्यांनी ऐकलं नव्हतं. आता मेस्तरांनाही वाईट वाटतच असणार, दगड नव्हते ते. पण इतक्या लोकांपुढे मागे सरायचं म्हणजे इतके दिवस आपण चुकलो म्हणायचं, आणि ते त्यांच्या रक्तात नव्हतं. ते मोठ्याने म्हणाले की फादर, दुःख आहे ते सगळ्यांनाच आहे, पण आगमनकाळात वेदीपुढे फूल चालत नाही हा नियम आपणच शिकवलात. ही मी टाकतो.

सगळ्यांना वाटलं, आता महाराज फटकारणार. काही बायकांनी तर मेस्तरांकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर पळून गेला असता. महाराजांनी मेस्तरांच्या हातातल्या वेणीकडे पाहिलं, मग खाडीकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले,

“नियम बरोबर आहे. टाका. पण आता भरती आहे, मेस्तर. भरतीला टाकलेलं परत येतं. ओहोटी लागली की टाका. आणि तोपर्यंत ती हातातून खाली ठेवायची नाही.”

काय सांगू तुम्हाला! वडील म्हणायचे, कुणी तोंडात मारावी तसं झालं सगळ्यांना. ज्या आईचा मुलगा समुद्राने ओढून नेलाय, तिची वेणी तिच्या डोळ्यांदेखत त्याच समुद्रात टाका म्हणतात, आणि तीही परत येणार नाही अशा बेताने टाका म्हणतात! हे आपले महाराज? हिलारचा भाऊ तर बोलूनच गेला की धर्मगुरू झाला म्हणून काळीज काढून ठेवायचं असतं का. रेजीबाय पांढरीफटक पडली होती. तिने फक्त विचारलं की मग मी उद्यापासून आणू नको का.

“आण,” महाराज म्हणाले. “एकही दिवस चुकवू नकोस.”

आणि ते आत निघून गेले. त्या संध्याकाळी नोव्हेनाला निम्मे बाक रिकामे होते. लोक महाराजांवर रुसले होते.

मेस्तरांची पंचाईत वेगळीच झाली. हुकूम तर त्यांच्या बाजूने लागला होता, मग पाळायला हवा. त्या दिवशी भरती संपायला साडेसहा वाजले. फिडल एका हाताने वाजत नाही, म्हणून त्यांनी वेणी मनगटाला बांधली आणि तशीच आळवणी गायली. मग खिडकीशी उभं राहून पाणी कधी वळतं ते बघत बसले. पाणी वळलं, वेणी पडली, आणि सरळ खाडीच्या तोंडाकडे निघून गेली.

दर दिवशी भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते, हे कोळ्यांच्या लहान पोरालाही माहीत असतं. मेस्तरांना ते अंगावर आल्यावर कळलं. एकविसाला सव्वासात वाजेपर्यंत थांबावं लागलं. बाविसाला आठ वाजून गेले. गाणारे घरी जात, बत्त्या विझत, फक्त वडील पेटीचं कापड झाकायच्या निमित्ताने रेंगाळत, आणि मेस्तर खिडकीशी बसलेले, हातात दुसऱ्या कुणाच्या तरी मुलासाठी गुंफलेली वेणी. आयुष्यात या माणसाने कधी कशाची वाट पाहिली नव्हती. मरव्याचा वास हाताला असा बसला होता की जेवतानाही येई, असं त्यांनीच एकदा चिडून सांगितलं. वडील बघतात हे लक्षात आलं की ते म्हणत, काय बघतोस, नियम आहे. पण बाविसाला त्यांनी वेणी भिरकावली नाही. खिडकीतून वाकून, हात जाईल तितका खाली नेऊन सोडली.

त्याच दिवशी शोधायला गेलेल्या होड्या परत आल्या होत्या. मोडलेली डोलकाठी मिळाली, तिला गुंडाळलेलं शीड मिळालं, माणसं नाहीत. होडीत पाण्याचं एक पिंप घेऊन चार दिवस कोण जगतो? पंचमंडळी महाराजांकडे गेली. नाताळच्या आधी मृतांसाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरची प्रार्थना, करून टाकू, निदान घरच्यांच्या मनाला शांती मिळेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. त्यासाठी महाराजांनी घालायचा काळा झगा पेटाऱ्यातून काढून ठेवला होता. मृतांच्या गाण्यांचं पुस्तकही कुणीतरी मेस्तरांच्या हातात आणून दिलं होतं.

महाराज म्हणाले, “हे दिवस येणाऱ्याचे आहेत. झगा आत ठेवा.”

पंचांना धक्का बसला. हिलारची बायको तिथेच जमिनीवर बसली आणि म्हणाली की महाराज, मला खोटी आशा लावू नका, माझ्यात आता बळ नाही. महाराज तिच्याशेजारी जमिनीवर बसले. बराच वेळ बसले. लोक घरी जाताना एकमेकांना म्हणत होते की म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, वर कळवायला हवं.

तेविसाला रेजीबायने वेणी आणली तेव्हा तिला नीट चालता येत नव्हतं. वाफ्यातली अबोली संपत आली होती, वादळाने निम्मी झोडपून काढलेली. वेणी बोटभर बारीक झाली होती, पण होती. मेस्तर तिच्या वाटेतच उभे होते. तिने ती कठड्यावर न ठेवता सरळ त्यांच्या हातात दिली. त्या संध्याकाळी ओहोटी लागायला नऊ वाजले.

चोविसाची सकाळ उजाडली ती धुक्यात. हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत असं धुकं. कोळणी किनाऱ्यावर गेल्या तर तिथे महाराज आधीच उभे. शेजारी तीन दगडांची चूल, तिच्यावर पेजेचं भांडं, बाजूला चार वाडगे आणि चार घोंगड्या. कोळणींनी विचारलं, महाराज, हे कुणासाठी? महाराज म्हणाले की वाडगे मोजा म्हणजे कळेल. त्या बाया जागच्या जागी थिजल्या. मग एकीने किंकाळी फोडली आणि गावात धावत सुटली.

गाव किनाऱ्यावर येऊन पोचतंय तोच धुक्यातून वल्ह्याचा आवाज आला. एकच वल्हं. मग एक काळी सावली, मग होडीचं नाक. डोलकाठी नाही, सुकाणू नाही. आत चार माणसं, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, पण चारही जिवंत! आणि होडीच्या नाकावर एकापाठोपाठ एक बांधलेल्या चार वेण्या. केशरी अबोली आणि मधे हिरवा मरवा. खाऱ्या पाण्यात भिजत राहिलेल्या वेण्या, आणि टवटवीत इतक्या की जणू आत्ताच गुंफल्यात.

वडील म्हणायचे, मी शेजारच्याचा हात धरला होता आणि तो कुणाचा हे मला आजही सांगता येणार नाही.

पेज पोटात गेल्यावर हिलार तांडेलाने सांगितलं ते असं. सुकाणू गेलं, काठी गेली, वारा पडला आणि धुकं बसलं. ना सूर्य दिसे ना तारा. जमीन कुठल्या बाजूला हेच कळेना. एक वल्हं उरलं होतं, पण वल्हवायचं कुठे? पाणी एकविसाला संपलं. बाविसाला दुपारी आम्ही एकमेकांची क्षमा मागून पडून राहिलो. तेवढ्यात पेद्रू उठून बसला आणि म्हणाला, मरव्याचा वास येतोय. आम्हाला वाटलं याला भ्रम झाला. मग मलाही आला. वासाच्या रोखाने वल्हवलं तर पाण्यावर ही वेणी.

“मी तीस वर्षं समुद्रात जातो,” हिलार म्हणाला, आणि सांगताना त्याचे दात वाजत होते. “पाण्यात पडलेली वस्तू पाण्याबरोबर जाते. ही जात नव्हती. ओढ एकीकडे, लाटा एकीकडे, आणि ही नांगर टाकल्यासारखी एका जागी. उचलली, तर पुढून पुन्हा वास. तासन्‌तास वल्हवलं, दुसरी दिसली. मग तिसरी. चौथी आज पहाटे, आपल्या खाडीच्या तोंडाशी.”

पेद्रू मात्र काही सांगत नव्हता. तो आईच्या कुशीत तोंड खुपसून एकच शब्द म्हणत होता, आये, आये. पहिली वेणी हाती आली तेव्हाच त्याने सोपटाची गाठ ओळखली होती. रेजीबाय त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि आले रे, आले, असं पुटपुटत होती. दोघांना बोलावलं होतं तिने, म्हणून असेल.

गर्दीत मागे लुद्रिक मेस्तर उभे होते. वीस, एकवीस, बावीस, तेवीस. ते बोटांवर मोजत होते. तेविसाच्या रात्री नऊला सोडलेली वेणी खाडीच्या तोंडाशी, विसाची सगळ्यात दूर. आधीच्या तिन्ही, त्यांनी आपल्या मर्जीने भरतीला भिरकावलेल्या, अजून देवळामागच्या चिखलात कुजत पडलेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. माणसं लोटत ते पुढे आले आणि महाराजांच्या पायांशी कोसळले.

महाराज दोन पावलं मागे सरले. “माझ्याकडे काय आहे? मी भरती-ओहोटीचं सांगितलं. ते कुठलाही कोळी सांगेल,” ते म्हणाले. “वाट पाहणं काय असतं ते तुम्ही तिच्या वेणीला धरून चार संध्याकाळी शिकलात. तिच्याकडे जा.”

मेस्तर गुडघ्यांवरच वळले. लॅटिन बोलणारी ती जीभ, तिला साधी मराठी सापडेना. क्षमा कर एवढंही धड उमटेना. आणि तेवढ्यात जे झालं त्याने, वडील म्हणायचे, होडी आली त्याहूनही जास्त हादरलो आम्ही. रेजीबायने मुलाला बाजूला केलं, मेस्तरांपुढे आली आणि तिनेच हात जोडले.

“मेस्तर,” ती म्हणाली, “मी तर वेण्या कठड्यावर ठेवून घरी जायचे. माझ्याच्याने त्या समुद्रापर्यंत कशा पोचल्या असत्या? तुम्ही थांबून थांबून टाकल्यात म्हणून माझा पेद्रू आला. तुमचे उपकार मी कसे फेडू?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. मेस्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, ते कळलं, आणि मग तो ताठ मानेचा माणूस आमच्या अख्ख्या गावासमोर हमसून हमसून रडला. रेजीबायच्या चिखलाने भरलेल्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. ती बिचारी संकोचून मागे सरू बघत होती, उठा मेस्तर, पाटलोण खराब होतेय, असं म्हणत होती. मेस्तर उठले नाहीत.